जिनिव्हाची यादी आणि आमच्या गल्लीतले बॅरल

पूर्वभागकर

मंडळी, मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. चौदा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात एका गरोदर बाईच्या लघवीचं कल्चर लावलं. वय 23, सातवा महिना, हुडहुडी भरून ताप. ज्यांनी कल्चर कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बशीत खळीसारखा घट्ट थर असतो. त्यावर जंतू पसरायचे आणि वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या, पंचिंग मशीनमधून पडणाऱ्या कागदाच्या टिकल्यांएवढ्या. रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवलं की ज्या औषधाने जंतू मरतात त्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. तो पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा.

सकाळी प्लेट उजेडात धरली. बारा चकत्या होत्या, त्यातल्या आठांच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेले. मी एकाखाली एक 'आर' लिहीत गेले, म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू जुमानत नाही. सिप्रो आर, सेफिक्झिम आर, सेफ्ट्रायक्झोन आर. नायट्रोफुरँटॉइन चालत होतं, पण संसर्ग किडनीपर्यंत पोचल्यावर त्याचा उपयोग नाही. शेवटी तिला ॲडमिट करून शिरेतून मेरोपेनेम द्यावं लागलं. ती आता बरी आहे. मी कामाला लागले तेव्हा असा रिपोर्ट आला की आम्ही सगळे टेबलाभोवती जमायचो. आता कुणी मान वर करून बघत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

त्या रात्री जगाच्या आरोग्यापुढचे प्रश्न म्हणून जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात, सध्या जे मांडलं जातं त्याची यादी वाचत बसले. पहिल्याच पानावर माझी प्लेट. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी 2019 मध्ये थेट 12 लाख 70 हजार माणसं नेली. ज्यांच्या मृत्यूला हे जंतू कुठेतरी कारण झाले ती धरली तर जवळपास 50 लाख. 2024 च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं की हा आकडा 2030 पर्यंत 10 टक्क्यांनी खाली आणायचा. पुढे उष्णता. पुढे डेंगी, 2024 मध्ये जगभरात 1 कोटी 40 लाखांवर रुग्ण, आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. मग मधुमेह, रक्तदाब, क्षय, तंबाखू. आणि पुढच्या महासाथीची तयारी, तिच्यासाठी 20 मे 2025 ला जिनिव्हात मंजूर झालेला करार.

वाचता वाचता मला आमच्या समोरचं घर दिसायला लागलं. नवरा यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. बायको विड्या वळते. सासूला साखर. मोठा मुलगा मागच्या पावसाळ्यात डेंगीने ॲडमिट होता. दिराच्या टीबीच्या गोळ्या चालू. जिनिव्हाची निम्मी यादी एका पत्र्याखाली राहते. दाराशी तीन निळे बॅरल, कारण नळाला पाणी पाचव्या दिवशी.

यादी रोगांच्या नावाने केली की प्रत्येक रोगाचा कार्यक्रम वेगळा होतो, रजिस्टर वेगळं, माणूस वेगळा. आमच्या आशाताई त्याच घरी वेगवेगळ्या वह्या घेऊन पुन्हा पुन्हा जातात. मला वाटतं, सोलापुरापुरती तरी ही यादी दुसऱ्या टोकाकडून लिहावी. पाळी किती तासांची? शेडमध्ये वारा येतो का? पाणी कितव्या दिवशी? हजारी मजुरी, म्हणजे हजार विड्यांमागे मिळणारी, केवढी? तुम्हाला पटतं का? तुमच्या गल्लीतलं सांगा. आकडे मी वाचू शकते, पण गल्ली मला फक्त माझीच माहीत आहे.

लाल_रेघ

ताई, तुमची प्लेट वाचली आणि दुकान बंद करून घरी गेल्यावरही डोक्यातून जाईना. माझं मेडिकल आहे. अँटिबायोटिकच्या पट्टीवरच्या उभ्या लाल रेघेचा अर्थ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हे लोकांना कळावं म्हणून सरकारने 2016 मध्ये मोहीम केली. त्याआधी 2014 पासून शेड्यूल एच वनची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या निवडक औषधांची, वेगळी वही आली. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती गोळ्या, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. मी ती नीट ठेवतो.

पण संध्याकाळी सातला पाळी सुटते तेव्हा काउंटरवर काय होतं ते सांगतो. अंगाला सुताचा कापूस चिकटलेला माणूस येतो, डॉक्टरची चिठ्ठी पुढे करतो. पाच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. "दोन दिवसाच्याच द्या की ओ, शनिवारी पगार झाला की बाकीच्या नेतो." शनिवारपर्यंत त्याला बरं वाटतं आणि तो येत नाही. महिन्याने चिठ्ठीशिवाय येतो, रिकामी पट्टी दाखवतो, "हीच द्या." डॉक्टरकडे जायचं तर पाळी बुडते.

पट्टी कापायची कात्री माझ्या गल्ल्याशेजारी दोऱ्याने बांधलेली असायची. पंधरा वर्षं मी ती चालवली आणि त्यात माझी चूक आहे हे मला मान्य आहे. वर्षापूर्वी ती काढून टाकली. डॉक्टरने लिहिलेला कोर्स पूर्ण द्यायचा, कमी पडतील ते पैसे उधारीच्या वहीत. चिठ्ठी नसेल तर समजावून परत पाठवायचं. काही गिऱ्हाईकं तुटली. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही हे सांगताना अजून घसा सुकतो.

अजून एक. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये अँटिबायोटिकचे तीन गट पाडले: रोजच्या वापरातली, जपून वापरायची आणि राखीव. 2030 पर्यंत माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्यांपैकी किमान 70 टक्के पहिल्या गटातली असावीत असं ठरलंय. हे वाचून माझ्याच रॅकसमोर उभा राहिलो. हाताशी, सगळ्यात पुढे काय होतं? ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. दोन्ही जपून वापरायच्या गटातली.

माळढोक

जनावरांचंही यात धरा. कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालायचे, माणसाचं अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. केंद्राने ते 2019 मध्ये बंद केलं, चांगलं झालं. पण कासदाह (कासेची सूज) झालेल्या गाईला अँटिबायोटिकची सुई टोचली की काही दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं. घरी चार गाई आहेत, त्या दिवसांत हातात पैसा येत नाही, सगळं कळतं. आम्ही ते दूध ओतून देतो. सगळ्यांना ते परवडेल असं मी म्हणणार नाही.

घरकुलची_अक्का

पूर्वभागकर, तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला, पण तुम्हीही तंबाखू हा एक शब्द लिहून पुढे गेलात. मी त्या शब्दात लहानाची मोठी झाले.

अम्मा लग्न होऊन आली त्या वर्षापासून विड्या वळते. सकाळी कारखान्यातून पत्ती आणि तंबाखू मोजून आणायची. पत्ती रात्रभर ओल्या फडक्यात. पहाटे फर्मा ठेवून कात्रीने कापायची, सूप मांडीवर घ्यायचं, आणि मग दिवसभर तेच. चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, टोक दुमडायचं, दोरा. हजार विड्यांना तिचा अख्खा दिवस जातो, तरुणपणी लवकर व्हायच्या. संध्याकाळी माल दाखवायला गेलं की छाट निघते. छाटीतल्या विड्यांचे पैसे नाहीत, मेहनत मात्र झालेली. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, कधीच भरलं नाही. आम्ही भावंडं त्याच सुपाशेजारी झोपायचो, सकाळी उठलो की नाकात तंबाखूची धूळ.

आणि आमचे नाना विडी ओढूनच गेले. शेवटचं वर्ष ऑक्सिजनच्या सिलिंडरवर. म्हणजे ज्या विडीने आम्हाला शिकवलं तिनेच नानांना नेलं. तंबाखूच्या बाजूने मी बोलतेय असं कृपया कुणी समजू नका.

जगाचा तंबाखू नियंत्रण करार भारताने 2004 मध्ये स्वीकारला, 2005 च्या फेब्रुवारीपासून तो लागू आहे. पाकिटावर चित्र छापायचं कलम सगळ्यांना माहीत आहे. त्याच करारात 17 वं कलम आहे: ज्यांचं पोट तंबाखूवर आहे त्या कामगारांना परवडेल असा दुसरा रोजगार मिळावा यासाठी देशांनी मदत करायची. 18 वं कलम तंबाखूचं पीक घेणाऱ्यांच्या आणि माल बनवणाऱ्यांच्या तब्येतीचं आहे. मी एम.एस.डब्ल्यू. करताना ही कलमं पहिल्यांदा वाचली. अम्माला तोवर वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

उलट जे होतं तेही कमी झालं. 1976 च्या कायद्याने विडी कामगारांचा कल्याण निधी होता, विडीवरच्या उपकरातून त्यात पैसे यायचे. दवाखाने, मुलांची शिष्यवृत्ती त्यातून. माझी नववी-दहावीची पुस्तकं त्या शिष्यवृत्तीची. जीएसटी आल्यावर 2017 मध्ये तो उपकरच गेला. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये सिगारेटवरचा जीएसटी 40 टक्क्यांवर न्यायचं ठरलं तेव्हा विडीवरचा 28 वरून 18 वर आणायचं ठरलं. कारण सांगितलं जातं आमच्या अम्मांचं. विडी स्वस्त झाली म्हणून अम्माच्या हजारी मजुरीत काही पडलं नाही. नानांसारख्या माणसाला मात्र ती स्वस्त मिळणार.

माझं प्राधान्य विचाराल तर 17 वं कलम. शिवण, टॉवेलची पॅकिंग, अंगणवाडीचा आहार, काहीही, पण घरापासून चालत जाता येईल असं आणि विडीइतके पैसे देणारं. हे ज्या दिवशी होईल त्या दिवशी आमच्या गल्लीत विडी सोडायला कुणाचं भाषण लागणार नाही.

पूर्वभागकर

अक्का, चुकलं माझं. समोरच्या वहिनी विड्या वळतात हे मी लिहिलं आणि त्यांच्या नखाकडे कधी पाहिलं नाही.

तुमच्या मजुरीच्या मुद्द्याला एक जोड देते. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरी पोषणाची मदत देऊन अभ्यास झाला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्यांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झालं. औषध नव्हे, लस नव्हे, शिधा. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 500 रुपये 2018 पासून मिळायचे, 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000 झाले, पण ते रुग्णाच्या खात्यात येतात. ताटात ते सगळ्या घरात वाटले जातात, समोरच्या घरी मी रोज बघते.

निळी_चादर

मी मागवाला. आठ लूम आहेत, टॉवेल निघतो. माझ्याकडे बोट दाखवलं जाणार हे माहीत आहे, म्हणून मीच लिहितो.

शेडची खिडकी बंद का असते? हवा कोरडी झाली की सूत तुटतं. पंखा जोरात लावला की कापूस उडतो आणि ताण्यावर बसतो. म्हणून बाहेर 43 अंश असताना आत पत्र्याखाली आम्ही दारं ओढून घेतो. माणूस भिजून चिंब, तरी पाणी प्यायला उठला की माग थांबतो आणि मीटरवरचे पैसे जातात. मागच्या एप्रिलमध्ये माझा एक कारागीर लूमजवळच बसला आणि मग आडवा झाला. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, वाचला. त्याच आठवड्यात मी पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात दिला, दुपारी एक ते तीन लूम बंद केले आणि पाळी पहाटे पाचला सुरू केली. चुन्याने आतला पत्रा हाताला सोसण्याइतका तरी झाला. उत्पादन थोडं घटलं, पण पंधरा दिवसांत माणसं रुळली.

माळशिरस_डॉक्टर

निळी चादर, तुम्ही केलंत तेच अहमदाबादने शहरभर केलं. 2010 च्या मे महिन्यात तिथे उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1300 वर जास्त मृत्यू झाले. 2013 मध्ये त्यांनी उष्णतेचा कृती आराखडा केला: आधी इशारा, कामाच्या वेळा बदलायच्या, पाणपोया, दवाखान्यात बर्फ तयार. पुढे छतांना पांढरा रंगही आला.

मला ऊसतोडीबद्दल लिहायचंय. 2002 मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी लिहिलं की डायलिसिसला तरुण शेतमजूर येताहेत आणि त्यांना साखरही नाही, रक्तदाबही नाही. पुढे निकाराग्वातही तेच, त्यातले बरेच उसाच्या फडात राबणारे. कडक उन्हात जिवापाड काम, घाम, पाणी कमी, आणि हे महिनोन्‌महिने. किडनीवर रोज थोडा मार बसतो. तिथल्या काही कारखान्यांनी पाणी, विसावा आणि सावली हे तीन शब्द धरून कामाची पद्धत बदलली: ठरलेल्या वेळेला सुट्टी, हलवता येणारे तंबू, पाण्याबरोबर क्षार. किडनीला होणारी इजा कमी झाली.

आपल्या जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने. हंगाम मार्चमध्ये ओढला की दुपारचं ऊन काय असतं ते इथे कुणाला सांगायला नको. तोडकरी जोडीने कोयता घेतात, खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून लघवीला जावं लागू नये यासाठी बायका पाणीच कमी पितात. हे मला फडात त्यांनीच सांगितलंय. फेब्रुवारीनंतर येणाऱ्या प्रत्येक तोडकऱ्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, मी आता करतो, तक्रार अंगदुखीची असली तरी. पैसे घेत नाही. कारखान्याच्या गेटवर उसाच्या वजनाची पावती होते, तिथेच एक पाण्याचा टँकर आणि ओआरएस ठेवायला फार खर्च नाही.

साखरपेठ_काका

वय 74. मुलांनो, तुम्ही सगळे जे लिहिताय ते वाचून बरं वाटलं.

लहानपणी आईबरोबर आषाढीला पंढरपूरला जाताना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागायची. दंड आठवडाभर दुखायचा. शेजारच्या घरात देवी आलेली मी पाहिली आहे, दारावर कडुलिंब. 1980 मध्ये जगातून देवीचा रोग गेल्याचं जाहीर झालं. तेव्हा रशिया आणि अमेरिका एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण लस दोघांनीही दिली. आज अमेरिकेने 2025 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचा आदेश काढला आणि संघटनेला 2026-27 च्या ठरवलेल्या अंदाजपत्रकातून पाचवा हिस्सा कापावा लागला. मला हे फार लागलं.

आपल्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, तिथे स्मारक आहे. 1910 चा जन्म, 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, लढाईतल्या जखमींवर उपचार करता करता 1942 मध्ये तिकडेच वारले, वय 32. जगाचं आरोग्य हा शब्द या गावाला नवा नाही. नातवंडांना घेऊन जा एकदा.

वडकबाळ_रोड

सगळं खरं, पण धागा लिहून पाणी रोज येणार आहे का? विडीच्या बायकांना काम कोण देणार? ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांची चर्चा करून शेवटी माणूस थकतो. आपल्या हातातलं एक तरी सांगा. मी मनापासून विचारतोय.

पूर्वभागकर

प्रश्न बरोबर आहे. रविवारी सकाळी मी, आशाताई आणि आमच्या गल्लीतली दोन कॉलेजची पोरं बॅटरी घेऊन घरोघर फिरलो. सव्वीस घरं. अकरा घरांच्या बॅरलमध्ये अळ्या निघाल्या, बॅटरी मारली की वळवळत खाली जातात त्या. ज्या घरातला मुलगा डेंगीने ॲडमिट होता त्या घरातही.

आम्ही सांगत आलो, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा. समोरच्या वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, चौथ्या दिवशी तळाला दोन घागरी उरतात. उद्या नळ आला नाही तर काय करू? त्या ओतू?" मला उत्तर देता आलं नाही. पाचव्या दिवशी नळ येतो तेव्हा त्या जुन्या पाण्यावरच नवं भरतात, सगळेच भरतात, आमच्या घरीही. डासाची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, बॅरलच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जिवंत. पाणी वर चढलं की फुटतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कोरडा दिवस ही सूचना रोज नळ येणाऱ्या गावासाठी लिहिलेली आहे.

म्हणून आम्ही दुसरं ठरवलंय. नळ आला की भरायच्या आधी पाच मिनिटं आतली भिंत काथ्याने घासायची, उरलेलं पाणी तेवढ्यापुरतं घागरीत काढायचं. आणि तोंडाला कापड, डास बसू शकणार नाही असं ताणून. लाकडी फळ्या आणि पत्रे आहेतच, पण त्यांच्या फटीतून डास आरामात जातो. अकरापैकी नऊ घरांत झाकण होतं. देशात डेंगीच्या लशीची मोठी चाचणी 2024 पासून चालू आहे, ती येईल तेव्हा येईल.

कापड दाट सुती हवं, टॉवेलचं नको, तो पाण्याला टेकला की भिजून जड होतो आणि मध्ये खोलगट होतो. दोनशे लिटरच्या बॅरलचा घेर साधारण सहा फूट. इलॅस्टिकची पट्टी शिवून घेतली की बायकांना एका हाताने काढता-घालता येतं.

घरकुलची_अक्का

शिवायचं काम आमच्याकडे द्या. मशिन माझं आहे, अम्मा आणि शेजारच्या दोघी बसतील. पण मजुरी ठरवून, नगावर. फुकट नाही शिवणार, धाग्यात एवढं बोलल्यावर तर नाहीच.

लाल_रेघ

मजुरीचे पहिले पन्नास नग माझ्याकडून. अक्का, नगाला किती ते तुम्हीच सांगा.

निळी_चादर

टॉवेल नको असेल तर शेजारच्या मागवाल्याकडे साध्या सुती कापडाचे कटपीस पडून असतात, पन्हा सव्वा मीटर. मी बोललो त्याच्याशी, किलोवर देतोय. शुक्रवारी दुपारी एक ते तीन लूम बंद असतात, त्या वेळेत टेम्पोने तुमच्या घरकुल वसाहतीत पोचवतो. अक्का, चौक आणि खूण कळवा.